न फवारलेले ६३ ढग : ‘संशोधनातून सिद्ध झालं’ म्हणजे काय, हे मुलांना कसं शिकवायचं?



मागच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात जलचक्र शिकवत होतो. सोलापूरवर विमानाने ढगांत फवारणी करून पाऊस वाढवण्याचा प्रयोग झाला होता, असं ओघात सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, विमानाने पाऊस पडतो, तर मग आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर का येतो?”

वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि पुढचे दोन तास याच प्रश्नावर घालवले. तो पाठ जसा झाला तसा इथे लिहितो आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांना, आणि घरी मुलांबरोबर बातम्या वाचणाऱ्या आई-वडिलांनाही, त्याचा उपयोग व्हावा.

आधी मिठाची बरणी

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. ढगांच्या फवारणीमागचं भौतिकशास्त्र इथूनच सुरू करा.

ढगात पाणी असतं, पण अतिशय बारीक थेंबांत. एका थेंबाचा व्यास साधारण मिलिमीटरचा पन्नासावा भाग, किंवा त्याहूनही कमी. एवढा हलका थेंब खाली पडत नाही, तरंगत राहतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. सगळे थेंब सारखेच बारीक असले तर ते एकमेकांवर फारसे आदळत नाहीत. काही थेंब मोठे झाले की ते वेगाने खाली येतात आणि वाटेतले बारीक थेंब पोटात घेत जातात.

म्हणून विमानाने ढगाच्या तळाशी जायचं आणि कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायचे. हा क्षार आपल्या मिठाहूनही जास्त पाणी ओढतो. त्याच्याभोवती मोठे थेंब तयार होतात आणि पुढचं काम ढग स्वतः करतो. विमानाच्या पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवून हे कण सोडले जातात. ढग कुठे, किती उंच, पाऊस धरतोय का, हे रडारवर बघतात. म्हणजे एकाच प्रयोगात भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी हातात हात घालून चालतात.

सोलापूरच का?

नकाशा फळ्यावर लावा. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना बरंचसं पाणी तिकडेच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आपल्याकडे साधारण साडेपाचशे. आपण पर्जन्यछायेत आहोत. ढग येतात, डोक्यावरून जातात, पडत नाहीत. हे आपल्या मुलांना पुस्तकाआधी अनुभवाने ठाऊक असतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने म्हणूनच सोलापूर निवडलं आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात ‘कायपीक्स’ प्रयोगाचा चौथा टप्पा इथे केला. कल्पना नवी नव्हती. याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे पुण्याच्या पूर्वेकडच्या भागात मिठाची पूड वापरून असे प्रयोग केले होते.

आता मुख्य मुद्दा

सोलापूरच्या प्रयोगात एकूण २७६ ढग निवडले. त्यातल्या २१३ ढगांत फवारणी केली. उरलेले ६३ ढग तसेच सोडले.

इथे थांबा आणि मुलांना विचारा : “एवढं विमान उडवलं, खर्च केला, मग ६३ ढग का सोडले?”

माझ्या वर्गात उत्तरं आली, “औषध संपलं असेल”, “विमानाचं तेल संपलं असेल”. मग एक मुलगी म्हणाली, “सर, ते ढग आपोआप पडतात का ते बघायचं असेल.”

बरोबर! फवारलेल्या ढगातून पाऊस पडला, एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो ढग न फवारताही पडला असता, कदाचित. न फवारलेले ढग हाताशी असले तरच तुलना करता येते. शिवाय कोणता ढग फवारायचा हे मनाने ठरवायचं नाही. नाहीतर माणूस नकळत काळाभोर, भरलेला ढग फवारणीला निवडतो आणि किरकोळ ढग सोडून देतो. मग फरक फवारणीचा की निवडीचा, हे कसं सांगणार? म्हणून ते नशिबावर सोडतात, चिठ्ठ्या टाकल्यासारखं.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सुमारे १८ टक्के जास्त झाला. काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्के होती, पण त्यात १३ टक्के इकडे-तिकडे धरायचे. हे ‘इकडे-तिकडे’ मुलांना आवर्जून दाखवा. प्रामाणिक संशोधन आपल्या आकड्यासोबत आपली शंकाही लिहितं.

गणिताचा तास

वाढलेला पाऊस सरासरी ८.६७ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस किलोमीटर म्हणजे १० कोटी चौरस मीटर. गुणाकार मुलांना करू द्या : ८६ कोटी ७० लाख लिटर!

खर्च निघाला लिटरला सुमारे १८ पैसे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १,८०० रुपये. पण टँकरचं पाणी हौदात येतं, पावसाचं पाणी रानात, ओढ्यात, खडकावर, कुठेही पडतं. त्यातलं आपल्या हाती किती लागलं, हा वेगळा हिशोब.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे या. फवारणी ढग तयार करत नाही. ढगच नसतील तर शून्याचे १८ टक्के शून्यच. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा आकाश कोरडं असतं. आणि १०० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या जिल्ह्याचा एक टक्कासुद्धा नाही. निष्कर्ष खरा आहे, पण त्याला हद्द आहे. ती हद्द बातमीच्या मथळ्यात सहसा नसते.

हीच गोष्ट शेतात, दवाखान्यात आणि मागावर

चिठ्ठ्या टाकून निवड करण्याची ही पद्धत शेतीतून आली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती बसवली. कोणत्या वाफ्याला कोणतं खत, हे चिठ्ठीने ठरवायचं. पुढे ती वैद्यकशास्त्रात गेली. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये आले.

आपल्या चादरीचं उदाहरण तर मुलांना लगेच पटतं. रंग पक्का आहे का हे तपासताना कापडाचा तुकडा धुतात आणि त्याच कापडाचा न धुतलेला तुकडा शेजारी ठेवून बघतात. न धुतलेला तुकडा नसेल तर रंग किती गेला, हे कशाशी ताडून बघणार? ढग असो, वाफा असो, रुग्ण असो की चादर, हात न लावलेला भाग राखून ठेवावाच लागतो.

एका बागेची गोष्ट

हे सगळं ऐकून वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर जवळ आला. त्याच्या वडिलांची डाळिंबाची बाग. तेल्या रोग आला होता. कुणीतरी ‘संशोधनातून सिद्ध’ लिहिलेली बाटली दिली. त्यांनी सगळ्या बागेवर फवारली, रोग कमी झाला. पुढच्या वर्षी उधारी करून पुन्हा तीच बाटली आणली. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, तेल्या पुन्हा पसरला आणि अर्धी बाग काढावी लागली.

तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. पहिल्या वर्षी पाऊस कमी होता. मग रोग बाटलीने कमी झाला की कोरड्या हवेने? मुलगा म्हणाला, “सर, आम्ही एकही ओळ न फवारता सोडली नव्हती.”

मी काय बोलणार? तुमच्या वडिलांचं चुकलं, असं म्हणवेना. रोग समोर दिसत असताना एखादी ओळ मुद्दाम सोडायला छाती लागते. पण बाटली विकणाऱ्याला “न फवारलेल्या ओळीत काय झालं?” एवढं तरी विचारता येतं. आपल्याच सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे जाऊन सल्ला घेता येतो, हेही त्या दिवशी वर्गात सांगितलं.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. सारख्या मापाच्या दहा कुंड्या घ्या. प्रत्येकीत तेवढीच माती आणि तेवढीच मेथी टाका.
२. चिठ्ठ्या टाकून पाच कुंड्या निवडा. फक्त त्यांनाच शेणखत द्या.
३. पाणी आणि ऊन सगळ्यांना सारखं.
४. तीन आठवड्यांनी रोपांची उंची मोजा. मोजणाऱ्याला कोणती कुंडी खताची, हे सांगू नका.
५. सरासरी काढा. फरक पडला नाही तरी तसंच लिहा. तोही निष्कर्षच आहे.

आणि पेपरात, मोबाइलवर ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं दिसलं की मुलांना चार प्रश्न विचारायची सवय लावा :

- तुलना कशाशी केली?
- निवड कोणी आणि कशी केली?
- किती जणांवर, किती ढगांवर, किती झाडांवर?
- हा निष्कर्ष कुठे लागू होतो आणि कुठे नाही?

त्या मुलाने परवा सांगितलं, यंदा उरलेल्या बागेत नवं औषध मारताना वडिलांनी कडेची एक ओळ सोडली आहे. मी त्याला म्हटलं, एकच ओळ, तीही कडेची? बांधाजवळचं ऊन-वारा वेगळं असतं. मध्येमध्ये चार-पाच झाडं सोडा, तीही चिठ्ठ्या टाकून. तो वही काढून लिहून घेऊ लागला.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले, ते मला जरूर कळवा.