‘बाईचा रोज’ आणि ‘गड्याचा रोज’



निंदणाला बायांचा रोज वेगळा, डवरणीला गड्याचा रोज वेगळा. कापूस वेचणीची मजुरी तर किलोवर. आपल्या मूर्तिजापूर भागात हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात विचारण्यासारखे काही आहे, असे वाटतच नाही. मुंबईतील एका स्टेनोग्राफर बाईने मात्र विचारले. तिची हकिगत आज पाहू.

ऑड्री डिकॉस्टा 1967 पासून मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातील कंपनीत काम करीत होत्या. साहेबांच्या हाताखालील स्टेनोग्राफर म्हणून तेथे स्त्रियाच नेमल्या जात. पुरुष स्टेनोग्राफरही होते; काम तेच, पण त्यांचा पगार जास्त. 1975 साली कंपनी व युनियन यांच्यात करार झाला, त्यातही हा फरक तसाच राहिला. (युनियनची सही असली म्हणजे न्याय झालाच, असे नसते!)

त्याच 1975 साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. जून 1977 मध्ये डिकॉस्टाबाईंची नोकरी गेली. त्यांनी या कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. काम सारखेच आहे हे पहिल्या अधिकाऱ्याने मान्य केले, तरी अर्ज फेटाळला. अपिलात त्या जिंकल्या. मग कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेथे दोनदा हरली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. रक्कम किती? सात हजारांहून थोडी अधिक.

कंपनीचे म्हणणे असे, की या पदावर फक्त स्त्रियाच आहेत, तेव्हा भेदभाव कुठला? शिवाय जास्त पगार देण्याची ऐपत नाही. 26 मार्च 1987 रोजी न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. पदाचे नाव नव्हे, प्रत्यक्ष काम पाहायचे. करार कायद्यापेक्षा मोठा नाही. आणि ऐपत नाही ही सबब चालत नाही. नोकरी जाऊन तेव्हा जवळजवळ दहा वर्षे झाली होती.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत वाटचाल केली आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली न्याय्य मजुरीवर परिपत्रक काढले. पण त्यात स्त्रीची जागा मुख्यतः घरात मानली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जून 1995 मध्ये स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात मात्र समान कामाला समान वेतन तातडीने मिळावे, असे स्पष्ट मागितले. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, हे याकोबाच्या पत्रात (5:4) आपण वाचतोच.

1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तरी शेतातली अडचण उरतेच. डिकॉस्टाबाईंना तुलनेसाठी पुरुष स्टेनोग्राफर होते. वेचणीला पुरुष जवळजवळ नसतातच, मग तुलना कोणाशी करायची? दिवसभर वाकून कापूस वेचणे आणि डवरे धरणे यांत हलके काम कोणते, हे आजवर पुरुषांनीच ठरवले आहे. वेचणाऱ्या बाईला विचारले तर उत्तर वेगळे येईल, असे मला वाटते.

कुटुंबात चर्चेसाठी : गेल्या हंगामात आपल्या शेतात बायांना व गड्यांना किती रोज दिला? तो कोणी ठरवला?