सहाच्या हजेरीची थंडी

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे याच शहरात पारा ३.५ अंशांवर आला होता. त्याही पहाटे रस्ते झाडले गेले, नळाला पाणी आलं, कचऱ्याची गाडी दारात उभी राहिली. ही कामं करणाऱ्यांच्या सोबतीने, स्वच्छता निरीक्षक म्हणून माझी सारी नोकरी झाली. थंडीत कामावरची माणसं कशी सांभाळायची आणि हिवाळा आला की लोकांना सुचणारं दान नेमकं कुठे लावायचं, याबद्दल त्या नोकरीत जे पक्कं झालं ते लिहितो.

१. आकडा एक, पाळी वेगळी

जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. त्यामुळे सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे सहाची हजेरी लावून खराटा हातात घेणारा कामगार बरोबर दिवसातल्या सगळ्यात थंड तासात रस्त्यावर असतो. दहाला कार्यालयात येणाऱ्याला ती थंडी भेटतच नाही, आणि परिपत्रकं काढणारे बहुतेक दहाला येणारे असतात. थंडीचे निर्णय ज्याच्या हातात आहेत त्याने दर हिवाळ्यात दोन-चार पहाटा हजेरीच्या जागी उभं राहून काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

हवामान खात्याचा हिशेब असा की मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक घसरलं, तर ती थंडीची लाट. पारा ४ अंशांपर्यंत उतरला तर सरासरी न बघताच लाट. हा इशारा आधी मिळतो. तो मिळाला की मी कामाचा क्रम फिरवायचो. आधी बाजारपेठा आणि दाट वस्तीतल्या गल्ल्या, कारण तिथे घरांच्या आडोशाने वारा लागत नाही. फुटाळा, अंबाझरी, सोनेगाव या तलावांचे काठ, मोकळी मैदानं आणि उड्डाणपूल ऊन आल्यावर. काम तेवढंच होतं, तासही तेवढेच लागतात. याला एक पैसा लागत नाही.

२. हातमोजे घालून खराटा धरून पाहा

एखादी संस्था मोठ्या मनाने लोकरीचे हातमोजे वाटते आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाच्याच हातात दिसत नाहीत. देणाऱ्यांना वाईट वाटतं. कामगारांना कदर नाही, असंही कुणी बोलून जातं. खरी गोष्ट अशी की लांब दांड्याचा खराटा दोन्ही हातांच्या पकडीवर चालतो. लोकर बांबूवर घसरते, मग दांडा आवळून धरावा लागतो आणि तासाभरात मनगट भरून येतं. दवाने ओली झालेली लोकर धूळही धरते. आमच्या बीटवरची, म्हणजे नेमून दिलेल्या सफाईच्या हद्दीतली, एक मावशी सरळ म्हणाली होती, "साहेब, हे मोजे घातले का खराटा हातातल्या हातात फिरते. झाडू का त्याले सांभाळू?"

तिच्या बोटांच्या पेरांना दर हिवाळ्यात खोल भेगा पडायच्या. रात्री खोबरेल, त्यावर व्हॅसलीन, आणि सकाळी प्रत्येक भेगेवर चिकटपट्टीची वेटोळी करून ती हजेरीला यायची. उपायही तिनेच सांगितला. तिचा मुलगा बांधकामावर जायचा आणि तळव्याला रबर चढवलेले सुती मोजे वापरायचा. त्यांची पकड सुटत नाही आणि धुतले की दुपारपर्यंत वाळतात. तसले मोजे आणले, आणि ते सगळ्या बीटने वापरले. कुणालाही थंडीची वस्तू देण्याआधी ती वापरणाऱ्याला विचारावं, हे मी त्या मावशीकडून शिकलो.

३. आधी पाय कोरडे

नाल्यावरच्या आणि पाण्याच्या लाइनवरच्या माणसांना स्वेटरपेक्षा कोरड्या मोज्यांची गरज जास्त असते. पाणी अंगातली उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. गमबूट बाहेरचं पाणी अडवतात, पण आत घाम साठतो तो वेगळाच. "पाय वल्ले झाले का दिवसभर अंगात गरमी येत नाही," हे मी फिटरांच्या तोंडून ऐकत आलो. पिशवीत मोज्यांचा दुसरा जोड आणि एक जुना टॉवेल ठेवायचा, मधल्या सुट्टीत पाय पुसून मोजे बदलायचे. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

४. शेकोटी उघड्यावर, शेगडीही उघड्यावर

पहाटे शेकोटी पेटणारच. तिच्यावर बंदी घालून काही होत नाही, आणि चार माणसं हात शेकत बसली तर त्यात गैर ते काय? गैर आहे ते तिच्यात जळणारं. झाडलेल्या कचऱ्यातलं प्लास्टिक, रबर, टायरचे तुकडे हाताशी असतात, म्हणून तेच आगीत पडतात. हिवाळ्याच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसलेली असते आणि वरची हवा उबदार असते, त्यामुळे धूर वर जात नाही. तो शेकणाऱ्याच्याच छातीत उतरतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये दिला आहे. पण दंडापेक्षा कामगाराचा खोकला मला जास्त महत्त्वाचा वाटायचा. छाटलेल्या झाडांच्या वाळक्या फांद्या उद्यानांमध्ये पडूनच असतात. त्यातला एक भारा हजेरीच्या जागी आणून ठेवला की टायर जाळायची गरज उरत नाही.

शेगडीची गोष्ट मात्र जिवावरची आहे. चौकीदार, पंपघरातले ऑपरेटर, रात्रपाळीचे चालक कोळशाची शेगडी खोलीत घेतात, दार लावतात, फटीत पोतं कोंबतात. कोळसा पुरता जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने त्याला धरून ठेवतं, आणि शरीर आतल्या आत गुदमरतं. एका पंपघरात सकाळी बदलीचा माणूस आला तेव्हा आतला उठेना. दार ढकललं तर तो अंथरुणावर, ओठ सुकलेले, बोलणं अडखळणारं. रात्री डोकं दुखत होतं, मळमळत होतं, पण थंडीमुळे असेल म्हणून तो पांघरूण ओढून पडून राहिला होता. त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणलं, १०८ ला फोन केला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तो वाचला. बंद खोलीत शेगडी असेल आणि डोकं दुखायला लागलं, तर गोळी शोधत बसू नये. आधी बाहेर यावं. खोली गरम ठेवायची तर दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात आणि जाड गादी घ्यावी. विस्तव आत नेऊ नये, विझत आलेलाही नाही.

५. धुक्यात दिसलं पाहिजे

चमकत्या पट्ट्यांचं जाकीट स्वेटरच्या वर घालायचं असतं. थंडी वाजते म्हणून त्याच्यावर शाल ओढली की पट्ट्या झाकल्या जातात, आणि पहाटेच्या धुक्यात येणाऱ्या ट्रकला माणूस दिसत नाही. म्हणून ही जाकिटं दोन मापं मोठीच मागवावीत.

६. छातीत दुखलं तर ती थंडी नव्हे

गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि अशा वेळी अंथरुणातून उठून लगेच कचऱ्याची बंडी ढकलायला लागणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या हृदयावर ताण येतो. छातीत आवळलं, डावा हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर "सर्दी भरली" म्हणून तो गप्प बसतो. त्याला बसवावं, काम थांबवावं, १०८ बोलवावी. हजेरी घेणाऱ्या जमादाराला ही लक्षणं तोंडपाठ हवीत, आणि बीटवर कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे हेही माहीत हवं.

दारूचंही इथेच सांगतो. घोट घेतला की गरम वाटतं, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात. त्याच वाटेने अंगातली ऊब निघून जाते. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणूस थरथरतो, बोलणं जड होतं, पुढे थरथरणंही थांबतं. फुटपाथवर सापडणारी अशी माणसं दारूच्या नशेत आहेत असं समजून लोक पुढे निघून जातात. एकदा थांबून हाक मारून पाहावी.

७. बाया पाणी का पीत नाहीत

थंडीत तहान लागत नाही, हे अर्धंच कारण. पहाटे सहाला रस्त्यावर उघडं, वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळत नाही, म्हणून बाया घरून पाणी न पिता निघतात आणि अकरापर्यंत तशाच राहतात. मग लघवीची जळजळ, ताप, रजा. थंडीच्या सुरक्षेच्या यादीत हे कधीच नसतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात वर हवं. बीटच्या रस्त्यावरचं एक मंदिर, एक शाळा, एक हॉटेल गाठून पहाटे संडास उघडा ठेवण्याची विनंती केली की बहुतेक जण हो म्हणतात. मला तरी नाही म्हणणारे फार थोडे भेटले.

८. निधी आपखुशीचा असावा

आता हिवाळ्यातल्या दानाकडे वळतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवसांत सरकारी आणि पालिकेच्या कार्यालयांमध्ये निधी गोळा होतो, आणि तो माजी सैनिक, शहिदांची कुटुंबं, जखमी जवान यांच्यासाठी जातो. हा निधी मला मनापासून प्रिय आहे. म्हणूनच नाव आणि रक्कम लिहिलेली यादी टेबलाटेबलावर फिरवणं मला पटत नाही. साहेबांनी हजार लिहिले की शिपाई दहा लिहायला लाजतो आणि उसने घेऊन शंभर देतो. बंद पाकीट फिरवावं आणि पावती मात्र प्रत्येकाला द्यावी.

करसवलतीसाठी देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ८० जी खाली दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, घोंगड्या-स्वेटर अशा वस्तू धरल्या जात नाहीत, आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही.

९. जाकीट हा हक्क, घोंगडी हे दान

माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. ज्याला मालक आहे, त्याची थंडीची सोय मालकाने करायची. कायम कर्मचारी असो, ऐवजदार, म्हणजे बदली कामगार, असो की कंत्राटदाराचा माणूस असो, त्याचं जाकीट, बूट आणि मोजे हे कामाचं साहित्य आहे, खराट्यासारखंच. ते एखाद्या मंडळाच्या वाटप कार्यक्रमात, फोटो काढून, हार घालून द्यायची वस्तू नव्हे. तसं झालं की पुढच्या वर्षी ते मागायची सोय उरत नाही.

दान जावं ज्याला मालक नाही त्याच्याकडे. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटहून आलेल्या रुग्णांचे नातलग व्हरांड्यात, झाडाखाली रात्र काढतात. घाईत निघालेले असतात, अंगावर एक चादर असते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. त्या काळात यशवंत स्टेडियमकडच्या मंडपांमध्ये लांबून आलेले आंदोलक मुक्कामाला असतात, त्यांत म्हाताऱ्या बाया असतात. बेघरांसाठी शहरी निवारे आहेत, आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाखभर लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय हवी असा होता. ब्लँकेट देऊन माणसाला फुटपाथवरच सोडण्यापेक्षा त्याला निवाऱ्यापर्यंत पोचवून देणं हे मोठं दान. त्याच्याकडे सामानाची गाठोडी असते, कुत्रा असतो, सोबतची बायको असते. तिघांची सोय एकत्र होते का, हे आधी विचारून ठेवावं लागतं.

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. सफाई कामगारांच्या कार्यालयांत त्या दिवशी तसबिरीला हार घालतात. बाबांच्या नावाने मुंबईत दादरला धर्मशाळा आहे, कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातलगांना ती आसरा देते. त्या दिवशी हाराचे पैसे अशा एखाद्या धर्मशाळेच्या गाद्या-रजयांकडे वळवावेत, असं मी आमच्या कामगारांना सांगायचो आणि ते ऐकायचे.

दान करताना वस्तू निवडायची ती अशी: मोठ्या मापाचं, गडद रंगाचं, धुता येणारं. झोपायला खाली अंथरायची चटई किंवा सतरंजी, कारण थंडी जमिनीतून जास्त चढते आणि सगळे फक्त वरचं पांघरूण देतात. आणि वेळ म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. संक्रांतीला वाटलेलं ब्लँकेट थंडी अर्धी सरल्यावर पोचतं.

१०. मागणीपत्र मार्चमध्ये

सरकारी खरेदीला अंदाजपत्रकात तरतूद, मंजुरी, निविदा, नमुन्याची तपासणी, पुरवठा असे टप्पे असतात. नोव्हेंबरात मागितलेली जाकिटं फेब्रुवारीत येतात. म्हणून थंडी उतरताच, कोणाच्या पायात बूट आखूड होतात, कोणाचे मोजे फाटले, कोणत्या बायांना पुरुषांच्या मापाचं जाकीट गुडघ्यापर्यंत येतं हे ताजं असताना, हजेरीच्या जागी जाऊन मापं घ्यावीत. बायांची मापं घ्यायला बाईच पाठवावी. यादीत ऐवजदारांचीही नावं घालावीत, आणि नमुना पास करायला बीटवरचे दोन कामगार सोबत न्यावेत.