बुडालेल्या आमराईवरून

आमच्या भिवापूरच्या मरू नदीत पावसाळा सरला की वल्हवण्याजोगं पाणी उरत नाही. म्हणून कयाकचा नाद लागलेले आम्ही दोघं-तिघं हिवाळ्यात वैनगंगा गाठतो, गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगाला. तिथं ना धार, ना भोवरे. नवशिक्याला याहून सोपं पाणी मिळायचं नाही, असं कोणीही म्हणेल. मी म्हणत नाही. जानेवारी 2024 मध्ये मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा याच नदीत, खाली चामोर्शी तालुक्यात उलटला आणि सहा जणी बुडाल्या. ते दिवस काही पुराचे नव्हते.

आमच्यावर आलेला प्रसंग त्यामानानं किरकोळ. फेब्रुवारीत सोबत्याची कयाक उघड्या पाण्यात मधेच अडली. त्यानं वल्हं खाली टेकवून रेटा दिला, अंग एका बाजूला गेलं आणि कयाक पालथी! लाइफ जॅकेटमुळे डोकं वर राहिलं, पण पाय मासेमारीच्या जाळ्यात गुंतला. नायलॉनचा धागा पाण्यात दिसत नाही आणि हिसका द्यावा तसा आवळत जातो. एका ढीवरदादानं डोंगा आणून स्वतःचंच जाळं कापलं. वर म्हणाला, "तिकडं कायले गेले भाऊ? थे गावाची आमराई होय."

धरणात गावं गेली, झाडं उभ्या जागी वाळली. जलाशय 245.5 मीटरच्या पूर्ण पातळीजवळ असतो तेव्हा ज्या खुंटावरून कयाक सहज जाते, तोच खुंट पाणी उतरलं की वीतभर खाली दबा धरून असतो. त्यामुळे मागच्या महिन्यातली वाट या महिन्यात धरू नये, आधी ढीवरांना विचारावं. अडकलात तर रेटू नका. ताठ बसा, वजन मागे घ्या आणि आलात तसेच उलटं वल्हवत निघा. प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की मधे जाळं आहे असं समजून वळसा घाला. छोटा सुरा जॅकेटलाच अडकवलेला असावा, पिशवीत ठेवलेला कामाचा नाही. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत.

दुपारी वारा सुटला की उघड्या पाण्यात लाटा उठतात. जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे थकल्यावर तोच घरी आणतो. दमलात म्हणून दिसेल त्या काठाला लागू नका. काही काठ उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचे आहेत आणि वाघाला तुमच्या जॅकेटचं कौतुक नसतं.

धरणाच्या खालचं पात्र मात्र कितीही उथळ, निवांत दिसो, नवशिक्यानं तिथं कयाक टाकूच नये. वर 33 दरवाजे आहेत. त्यातले थोडे उघडले तरी खालचं पाणी बघता बघता चढतं.