फवारणीचे विष आणि लोकांची समजूत

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशक हे विष आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु एखादी गोष्ट ठाऊक असणे निराळे आणि तिचा धोका मनाला जाणवणे निराळे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली या विषयावर लिहिताना दाखविले की, अपरिचित धोक्याची लोकांना मोठी धास्ती वाटते. रोजच्या सवयीचा व आपण होऊन पत्करलेला धोका मात्र सौम्य भासतो. पाठीवरचा पंप तर शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा!

गावोगाव आढळणारी पहिली समजूत अशी की, विष पोटात गेले तरच बाधते. वस्तुतः अनेक कीटकनाशके त्वचेतून शरीरात शिरतात. कपाशी खांद्याला लागली असता फवारा अंगावर येतो, घामाने व औषधाने भिजलेला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो, आणि नाकावर बांधलेला रुमाल भिजला म्हणजे तोच विषाचा साठा होतो. दुसरी समजूत वासाची. उग्र वास ते जहाल, वास नाही ते निरुपद्रवी, हे अनुमान सर्वस्वी चुकीचे होय. जहालपणा ओळखावयाचा तो डब्यावरील त्रिकोणाच्या रंगावरून: तांबडा सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. तिसरी समजूत अनुभवातून येते व म्हणून ती काढणे कठीण. "दहा वर्षे फवारतो आहे, काही झाले नाही," असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तथापि मिश्रण, हवा, पिकाची उंची व पंप यांपैकी एकही गोष्ट बदलली की जुना अनुभव उपयोगी पडत नाही.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने केवळ भीती घालून भागणार नाही. भीतीने लोक ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. प्रथम समोरच्याची समजूत काय आहे ते विचारावे. पंपात साधे रंगीत पाणी भरून पांढरा सदरा घातलेल्या माणसाकडून दोन ओळी फवारून घ्याव्यात आणि सदऱ्यावरील डाग सर्वांना दाखवावेत. मजुरीने फवारणी करणाऱ्यास या वेळी अवश्य बोलवावे. औषधाची निवड मालक करतो, पण अंग त्याचे भिजते.

फवारणी करणाऱ्यास मळमळ, अतिशय घाम, तोंडाला लाळ किंवा अंधारी येऊ लागल्यास काम तत्काळ थांबवावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे व घरगुती उताऱ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. औषधाचा डबा अथवा त्यावरील वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावे.