फादर लीव्हेन्स आणि छोटानागपूरची रयत

आजच्या झारखंड राज्यात मोडणारे छोटानागपूरचे पठार हा मुंडा, उराँव आदी आदिवासींचा मुलूख होय. जंगल तोडून ज्या कुळाने गाव वसविले, त्याच कुळाची त्या गावच्या जमिनीवर सामाईक मालकी, असा मुंडांचा पूर्वापार दंडक होता. या पद्धतीला ‘खुंटकट्टी’ असे म्हणत. पुढे राजाने गावेच्या गावे जहागीरदारांना व ठेकेदारांना दिली आणि जमिनीचे मूळ धनी आपल्याच शेतात कुळे होऊन बसले. सारा वाढत गेला. त्यात वेठबिगारीची भर पडली. इ. स. १८३१-३२ मधील कोलांचा उठाव हा याच असंतोषाचा स्फोट होता.

सरकारने १८६९ व १८७९ साली जमीनविषयक कायदे केले खरे. परंतु कायदा कागदावर चालतो आणि रयतेजवळ कागद नव्हता. सारा भरूनही पावती मिळत नसे. त्यामुळे जमीनदाराने थकबाकीची फिर्याद केली की, निरक्षर कुळापाशी पुरावा म्हणून काहीच उरत नसे.

अशा परिस्थितीत १८८५ साली कॉन्स्टंट लीव्हेन्स हा तरुण बेल्जियन धर्मगुरू रांचीजवळील दोरंडा येथे आला. त्याचा जन्म १८५६ मध्ये फ्लँडर्समधील मोर्सलेडे या गावी, शेतकरी कुटुंबात झाला होता. १८७८ साली त्याने येशूसंघात प्रवेश केला, १८८० साली तो हिंदुस्थानात आला आणि १८८३ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. दोरंड्याहून तो लवकरच तोरपा येथे राहावयास गेला. या लोकांचे मुख्य दुःख जमिनीचे आहे, हे तेथे त्याच्या ध्यानात आले.

त्याने लोकांच्या बोलीचा आणि जमिनीच्या कायद्यांचा एकाच वेळी अभ्यास आरंभिला. गाऱ्हाणी ऐकून घ्यावीत, त्यांतील टिकणारी कोणती ते ठरवावे आणि वकिलांच्या साहाय्याने ती न्यायालयात न्यावीत, असा त्याचा क्रम असे. कुळांना त्याचा सल्ला साधा होता: कायदेशीर सारा द्यावा, त्याची पावती घ्यावी आणि ठरल्याहून अधिक वेठ करू नये. कोर्टात जमीनदार हरू शकतो, हा अनुभव रयतेला नवा होता.

या कार्याचे यश आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी होती. हजारो लोकांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पण त्यांतील किती जण श्रद्धेने आले आणि किती जण खटल्याच्या आशेने, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. दडपण येताच कित्येक जण मागे फिरले. हा परदेशी पाद्री रयतेला चिथावतो, अशी तक्रार जमीनदारांनी केली आणि अधिकाऱ्यांच्या मनातही संशय उत्पन्न झाला. अखंड प्रवासाने व श्रमाने लीव्हेन्सला क्षयाने ग्रासले. १८९२ साली त्याला छोटानागपूर सोडावे लागले आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी बेल्जियममधील लूव्हेन येथे, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो मरण पावला.

केवळ खटल्यांनी हा प्रश्न सुटणारा नव्हता. १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडाच्या नेतृत्वाखाली मुंडा शस्त्र घेऊन उठले. त्यांचा रोष जमीनदार व सरकार यांच्याप्रमाणेच मिशनांवरही होता. या उठावानंतर १९०८ साली छोटानागपूर कुळकायदा झाला. त्याने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने घातली आणि मुंडांच्या खुंटकट्टी हक्काला मान्यता दिली. हा कायदा घडविताना लीव्हेन्सचा सहकारी फादर योहान हॉफमान याने केलेल्या मुंडा जमीनपद्धतीच्या अभ्यासाचा उपयोग झाला. १९०९ साली हॉफमानने सावकारी पाशातून सोडविण्यासाठी सहकारी पतसंस्थाही उभारली.

लीव्हेन्सने छोटानागपुरात जेमतेम सात वर्षे काढली. १९९३ साली, त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, त्याचे अवशेष रांचीला आणण्यात आले. त्याच्या धर्मकार्याविषयी मतभेद संभवतात. परंतु दान देऊन न थांबता रयतेला तिचे हक्क समजावून देणे, ही त्याची सेवा निःसंशय मोलाची होती.