बाळाच्या हृदयाला छिद्र आणि ‘योजनेत बसत नाही’ हे उत्तर

दर शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. असे बाळ दूध ओढताना मध्येच दमून थांबते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया वरचेवर होतो. काहींचे ओठ आणि नखे रडताना निळी पडतात. आपल्या वस्त्यांत अजूनही अशा बाळाची दृष्ट काढतात, नाहीतर टॉनिक पाजतात, आणि त्यात वर्ष जाते. निळे पडणाऱ्या बाळाकडे तेवढा वेळ नसतो.

तपासणीला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शंका आली तर ते पुढे पाठवतात आणि टूडी इको केला जातो. इकोचा मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

खरी ओढाताण ऑपरेशन ठरल्यावर सुरू होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पांढरे रेशनकार्ड असले तरी चालते. मात्र ही रक्कम सगळ्या घराची मिळून आहे. आजोबांचे ऑपरेशन त्याच वर्षी झाले असेल तर उरलेली रक्कम आधी विचारून घ्या.

बऱ्याच घरांचे पाऊल रेशनकार्डावर अडते, कारण त्यावर बाळाचे नावच नसते. तान्ह्या बाळासाठी जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबत काढलेला बाळाचा फोटो आणि घरचे रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे जा. आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतो, पण तो योजनेचा माणूस आहे. त्याच्याशी दबून बोलायचे कारण नाही. नाव चढवण्याचा अर्जही त्याच आठवड्यात टाका, पुढच्या खेपेला तेच लागेल.

आता ‘बसत नाही’ या उत्तराबद्दल. आम्ही पाहतो, खिडकीवर कोणी एवढे म्हटले की माणसे दागिने मोडायला किंवा सावकाराकडे निघतात. तोंडी नकार हा नकार धरू नका. विचारा, काय बसत नाही? रुग्णालय योजनेत असेल, पण फक्त हाडांच्या ऑपरेशनसाठी, मुलांच्या हृदयासाठी नाही. मग ज्या रुग्णालयात ती सोय आहे त्याचे नाव मागा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले असतात, तिथे चिठ्ठी घेऊन जायचे. कधी पूर्वमंजुरीचा अर्ज एखाद्या कागदावाचून परत आलेला असतो आणि तो कागद जोडून पुन्हा पाठवता येतो. म्हणजे प्रत्येक ‘नाही’चे औषध वेगळे. म्हणून कारण लिहून मागा, कागदावर तारीख आणि सही घ्या. लिहून द्यायला सांगितले की काही वेळा उत्तरच बदलते!

लिहून देत नसतील किंवा योजनेत असूनही डिपॉझिट मागत असतील तर तिथूनच 155388 किंवा 1800 233 2200 वर फोन करा. तक्रार क्रमांक वहीत टिपा. हा फोन मोफत आहे. बोलायला धीर होत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. एकट्या आईला जे उत्तर मिळते ते दोघींना मिळत नाही.

घरातल्या कोणाच्या पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर तिथे मुलाचे नाव लावले आहे का, तेही बघा. योजना कमी पडली तर धर्मादाय रुग्णालये आहेत. तिथे 10 टक्के खाटा वर्षाला 1,80,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या निर्धन घरांसाठी मोफत असतात, आणि आणखी 10 टक्के 3,60,000 पर्यंतच्या घरांसाठी निम्म्या दरात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

सुट्टी मिळाल्यावरही थोडे हक्काचे उरते. जनआरोग्य योजनेत पुढच्या 10 दिवसांची औषधे आणि घरी परतायचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे रुग्णालयाने द्यायचे असते. ते मागून घ्या, आणि पुढच्या इकोची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.