मुलांचे वय आणि समुद्राची तिथी

परीक्षा संपल्या की बेळगावकरांची पावले घाटाखाली वळतात. ज्यांचे मूळ गाव सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण किंवा गोव्यात आहे अशी अनेक घराणी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि आंब्या-काजूंच्या दिवसांत खाली उतरणे हा त्यांचा जवळजवळ कुळाचारच होय. मे महिन्याच्या आरंभी अनेक पालक बालरोगतज्ज्ञाकडे येतात ते ‘प्रवासाची औषधे लिहून द्या’ म्हणून. कोठे जाणार, हे त्यांना ठाऊक असते. मूल त्या जागेला झेपेल का आणि त्या दिवशी समुद्र कसा असेल, याचा विचार मात्र क्वचितच झालेला असतो. म्हणून येथे औषधांपेक्षा स्थळ आणि वेळ यांच्या निवडीविषयी अधिक लिहीत आहे.

दोन वर्षांखालील मूल बरोबर असेल तर माझी पहिली पसंती आंबोलीस. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे अंगाला सवयीचीच हवा. मे महिन्यात तेथील धबधबे कोरडे असतात, ही तक्रार खरी. पण हिरण्यकेशीचे उगमस्थान, दाट सावली, करवंदांच्या जाळी आणि पिकू लागलेली जांभळे एवढे लहान मुलाला पुरेसे असते. घाट उतरून किनाऱ्यावर गेल्यावर परिस्थिती पालटते. तापमापकात तेथे ३३-३४ अंशच दिसतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात. परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, घाम नुसता आल्यामुळे नव्हे. दमट हवेत घाम वाळत नाही, पाणी आणि मीठ मात्र जात राहते. अशा हवेशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल असते चार दिवसांची. तेव्हा किनाऱ्यावर सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर, एवढेच मुलांचे वेळापत्रक असावे. मधल्या वेळी जेवण, झोप आणि ओसरी. उभ्या मोटारीत मुलाला ‘दोनच मिनिटे’ देखील बंद करून जाऊ नये. आतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढते.

घाटातील वळणांनी गाडी लागणाऱ्या मुलांना सर्रास दिले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देऊ नये, हे आपल्या व्यवसायबंधूंनाही पुन्हा सांगावेसे वाटते. हलकी न्याहारी, पुढे पाहत बसणे आणि उघडी खिडकी यांनी बरेच काम भागते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सावंतवाडी आणि वेंगुर्ले ही जोडी उत्तम. सावंतवाडीत मोती तलाव आहे, राजवाड्यातील गंजिफा आहेत आणि लाकडी फळांची खेळणी आहेत. (लाकडी द्राक्षे आणि जांभळे तेवढी तीन वर्षांखालील भावंडापासून दूर ठेवावीत, ती श्वासनलिकेत अडकण्याच्याच मापाची असतात.) वेंगुर्ल्यास डच वखारीचे अवशेष आहेत, बंदरावर दीपगृह आहे, आणि काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती जेथे निपजल्या ते फळ संशोधन केंद्रही आहे. काजूच्या बागेत मुलांना जरूर न्यावे, पण बोंडाला लटकणारी बी त्यांच्या हाती देऊ नये. तिच्या टरफलातील तेल बिब्ब्याच्या तेलाचे भावंड आहे. दातांनी बी फोडणाऱ्या मुलाचे ओठ, हनुवटी आणि बोटे भाजल्यासारखी होतात, फोड येतात आणि डाग बरेच दिवस राहतात. तेल लागल्यास साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुवावे. नखांखालचा अंश विसरू नये, कारण तेच बोट पुढे डोळ्यात जाते.

आता प्रत्यक्ष समुद्र. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. ती अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल होती. म्हणजे मुले धडधाकट, तरुण होती. त्या बातमीने हे शहर कसे सुन्न झाले होते, ते वाचकांना आठवत असेल. तरीही ‘किती तिथीला जावे’ असा प्रश्न अद्याप मला कोणी विचारलेला नाही.

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतो. परंतु सहलीची तारीख ठरवायला तो पुरतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे चढ-उतार मोठा, आणि दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत पाणी उतरत असते. नेमके याच वेळी पर्यटक पाण्यात शिरतात. उलट अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, चढ-उतार कमी. आणि सायंकाळी साडेचार ते सहा या वेळेत ते भरत असते. मुलांना न्यायचे तर हे तीन-चार दिवस निवडावेत. दिनदर्शिका घरोघरी असते.

तिथीने सर्वच धोका टळत नाही. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने परत जाते. मच्छीमार म्हणतात, ‘पाण्याला ओढ आहे’. ही वाट फसवी असते. तेथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि संथ दिसते, म्हणून अनोळखी माणूस मुलांना घेऊन नेमका तेथेच उतरतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे. देवबागेत कर्ली नदी समुद्रास मिळते तो संगम डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे, पण तो होडीतून, अंगावर जीवरक्षक जाकीट बांधून पाहायचा. अंघोळीची ती जागा नव्हे. पाच वर्षांपुढील मुलांना पाण्याची ओळख करून द्यायची असेल तर काणकोणातील पाळोळे मला अधिक योग्य वाटते. दोन्ही टोकांना डोंगरांची भुजा असलेला अर्धचंद्राकार उपसागर आणि बराच अंतरापर्यंत उथळ पाणी. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच राहावे.

बुडणारे मूल हाका मारीत नाही, हात हलवीत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वास घेण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही, आणि ही धडपड मिनिटभरात संपते. म्हणून मुलाजवळ एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे, आणि त्याच्या हाती मोबाइल नको. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरणे, पोट दाबणे यात अमूल्य वेळ जातो. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने पाच श्वास, मग छातीचे दाब. शुद्धीवर आलेले पण खोकणारे मूल सहा ते आठ तास रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे.

जमिनीवरचा धोका लाल विंचवाचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातील असंख्य मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे दिसल्यास वेळ दवडू नये. मात्रा दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत. मूल आडवेच ठेवावे, कारण उठून बसताच रक्तदाब घसरतो. प्रतिविष मिळाल्यास जोडीला द्यावे. गावच्या घरात सरपण, चिऱ्यांचे ढीग आणि अंगणात काढलेली पादत्राणे यांवर लक्ष असावे.

जुलाब लागल्यास शहाळे रुचकर खरे, पण त्यात सोडियम अल्प असते. सोलकढी वा सरबताने तर गरज भागतच नाही. जलसंजीवनीची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात टाकण्याची सवय मोडावी. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास मनाई केली, ते योग्यच झाले.

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सिंधुदुर्गातील जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी पावसाळ्यापुरती बंद होते. वाऱ्याने दिशा बदललेली असते आणि मच्छीमार होड्या वर ओढून शाकारू लागतात. त्यानंतर मुलांना घेऊन जायचेच असेल तर आंबोलीस जावे. पहिल्या पावसानंतर तेथील धबधबे हळूहळू वाहू लागतात.